तिथीची पाऊणपट

समुद्रात बेट दिसलं की मराठी माणसाला दोन प्रश्न पडतात. तिथं जायचं कसं, आणि जेवणाचं काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ तयारच असतं. त्या उत्तराला शोभेल असा पहिला प्रश्न सोडवत बसणं, याला तो सहल आखणं म्हणतो.

आमच्या घरातल्या आखणीला निमित्त झालं एका फोटोचं. किहीमला कुणाच्या तरी बंगल्यावर राहायला गेलेल्या मेहुण्यांनी संध्याकाळचा समुद्र टिपून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. फोटोत दूरवर दोन ठिपके होते. खाली त्यांनी लिहिलं, ‘खांदेरी आणि उंदेरी. समोरच आहेत. दहा मिनिटांचं काम.’ किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला समुद्रातली प्रत्येक गोष्ट समोरच आणि दहा मिनिटांवर वाटते. त्यांनी स्वतः काही ती दहा मिनिटं खर्च केली नव्हती. ते भजी खायला बंगल्यावर परतले होते.

पण ठिणगी पडली. एका दिवसात तीन जलदुर्ग करायचे असं ठरलं. अलिबागचा कुलाबा, मग थळहून उंदेरी, आणि तिच्या पलीकडची खांदेरी. सकाळी गेटवेहून बोटीनं मांडवा, तिथून बसनं अलिबाग, रात्री जेवायला घरी. टूरवाल्यांबरोबर जायचं नाही, हेही एकमतानं ठरलं. टूरवाले सगळ्यांना एका रंगाच्या टोप्या घालतात, शिट्टी वाजवून गोळा करतात आणि इतिहास चुकीचा सांगतात, असा मामांचा आक्षेप होता. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण इतिहास सांगायची जागा मामांना स्वतःसाठी मोकळी हवी होती. यानंतर आमच्यातलं एकमत संपलं ते संपलंच.

आखणीची सूत्रं पुतण्याकडे गेली. तो कुठल्याशा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी करायच्या कामांच्या तारखा तो ठरवतो. त्यानं रातोरात एक्सेलचा तक्ता केला. सकाळी साडेसहापासून रात्री नऊपर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. कुलाबा हिरवा, उंदेरी पिवळी, खांदेरी निळी, नाश्ता केशरी. ‘बफर’ नावाचा एक राखाडी रकाना होता, तो पाहून आत्यांनी विचारलं, ‘हे बफर म्हणजे उभ्यानं जेवतात तेच ना?’

आता होडीचं गणित. थळहून खांदेरीला जायला तिकीट फाडून बसायची लाँच नाही. कोळीबांधवांपैकी कुणाची होडी ठरवायची, आणि ती ठरते अख्खी. माणशी भाव नसतो. मध्यमवर्गीय मनाला ही पद्धत फार अस्वस्थ करते. होडीत चार माणसं बसली तरी तेवढेच पैसे आणि बारा बसली तरी तेवढेच, हे एकदा समजलं की रिकामी राहिलेली जागा दिसेनाशी होते, वाया गेलेली रक्कम दिसायला लागते. मूळचे आम्ही सात. मग वहिनींची बहीण आणि तिचे यजमान आले, नऊ. शेजारच्या काकांना विचारलं, ते ‘बघतो’ म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी साडूसकट हो म्हणाले, अकरा. बाराव्या जागेसाठी पुतण्याच्या ऑफिसातला एक मुलगा मिळाला. माणशी खर्च इतका खाली आला की सगळ्यांना पैसे कमावल्यासारखं वाटलं. त्याच रात्री शेजारच्या काकांचा फोन आला. साडूंच्या सौभाग्यवतींनाही यायचं होतं. तेरावं माणूस म्हणजे दुसरी होडी, आणि दुसरी होडी म्हणजे आणखी अकरा माणसं. सहल इथेच तालुका पातळीवर जायची, पण ऑफिसातल्या मुलाला ऐन वेळी ऑफिसात काम निघालं. ते काम पुतण्यानंच काढलं असावं.

होडीच्या तांडेलला फोन करायचं काम मेहुण्यांकडे, कारण ‘समोरच आहेत’ हे त्यांनीच लिहिलं होतं. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला.

‘एका रविवारी तीन किल्ले करायचेत. साडेअकराला थळहून निघायचं, असं आमच्या तक्त्यात आहे.’

‘कोणता रविवार?’

‘कोणताही चालेल. तुम्ही सांगा.’

‘तिथी कोणती?’

खोलीत शांतता पसरली. पुतण्यानं तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. तक्त्यात सनस्क्रीन होतं, पॉवर बँक होती, ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. तिथी नव्हती.

‘तिथी बघून फोन करा,’ तांडेल म्हणाला. ‘पाणी असंल तर होडी. पाणी काय रविवार बघत नाय.’

इथं आत्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सहलीची सूत्रं हातात घेतली. आत्यांचं बालपण रेवदंड्याचं. ‘तिथीची पाऊणपट,’ त्या म्हणाल्या. ‘एवढं साधं येत नाही तुम्हाला?’

हा हिशोब कोकणात समुद्राकाठच्या घराघरांतून चालत आलेला आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री, बाराच्या आतबाहेर. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्यामागून समुद्रही तेवढाच उशिरा येतो, आणि एका तिथीमागे पाऊण तास धरला की ढोबळ हिशोब जमतो. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो, त्यांत मिनिटांचा आणि पाण्याच्या उंचीचा हिशोब असतो. पण ते पुस्तक स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं नसतं. कालनिर्णय असतं.

पुतण्यानं लगेच फोन उघडून चारला शून्य दशांश सात पाचनं गुणायला सुरुवात केली. तोवर आत्यांची पाऊणकी म्हणून झाली होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी हे जुन्या शाळेतले अपूर्णांकांचे पाढे त्यांना अजून मुखोद्गत आहेत. आजवर घरात कुणी त्यांना ते विचारले नव्हते. त्या दिवसापासून फ्रीजवर दुधाच्या खाड्यांनी भरलेलं कालनिर्णय खाली उतरवून दिवाणखान्यात आणलं गेलं, आणि एक्सेलचा तक्ता ‘संदर्भासाठी’ म्हणून बाजूला पडला.

पंचांग हातात आल्यावर या सहलीतली खरी मेख कळली. तीन बेटांना एकाच दिवशी एकच समुद्र पुरत नाही. कुलाब्याला जायचं तर पाणी तिथं नसलेलं बरं. अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीला माणसं चालत किल्ल्यात जातात, भरतीला होडीनं जातात आणि पाणी अधलंमधलं असताना घोडागाडीनं. तिघांपैकी चालणं फुकट, त्यामुळे आमच्याकडे बाकीच्या दोन पर्यायांचा उल्लेखसुद्धा झाला नाही. उलट थळला होडी सोडायची तर पाणी हवं. ओहोटीला तिथल्या होड्या चिखलात कलंडून पडलेल्या असतात. खांदेरीला निदान धक्का आहे. उंदेरीला तोही नाही. तिथं होडी खडकांना भिडवून उड्या मारायच्या, आणि त्या मारू द्यायच्या की नाही हे पाणी, लाटा आणि तांडेल मिळून ठरवतात. म्हणजे सकाळी समुद्र गेलेला हवा, दुपारी आलेला हवा, संध्याकाळी आम्ही मांडव्याला पोचेपर्यंत शांत हवा. सरकारी कचेरीतल्या माणसाकडूनही आम्ही इतक्या अपेक्षा कधी ठेवल्या नव्हत्या.

मग तिथ्यांची छाननी सुरू झाली. पौर्णिमा मेहुण्यांना आवडली. चांदणं, उधाण, फोटो. पण पौर्णिमेला भरती दुपारी, ओहोटी पहाटे आणि थेट दिवेलागणीला. पहाटे सहाला अलिबागच्या पुळणीवर पोचायचं तर ठाण्याहून आदल्या दिवशीच निघावं लागेल, म्हणजे एक दिवसाची सहल दोन दिवसांची. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला, हे ऐकून पुतण्या खूष झाला. आत्या म्हणाल्या, ‘अष्टमीला भांग असतो.’ ऑफिसातल्या पोरांना हा शब्द होळीपुरता ठाऊक, त्यामुळे बैठकीत नको ते हसू पसरलं. भांग म्हणजे उधाणाच्या उलट. त्या दिवसांत भरती फार चढत नाही आणि ओहोटी फार उतरत नाही, पाणी दोन्हीकडून अर्धवट. अशा ओहोटीला कुलाब्याची वाट पुरती उघडी पडेलच याची खात्री नाही. एकादशीला भरती सव्वाआठला, म्हणजे थळची होडी सकाळी, पण कुलाब्याची वाट दुपारी दोनच्या उन्हात. शिवाय उपास.

चाळता चाळता हाती राहिली ती चतुर्थी. भरती दुपारी तीनला, ओहोटी सकाळी नऊला. नऊ वाजता पायी कुलाबा, दुपारी चढत्या पाण्यावर थळहून खांदेरी. जणू खास आमच्यासाठीच कुणीतरी चंद्र फिरवला होता. आता चतुर्थीही हवी आणि रविवारही हवा, तो पावसाळ्याबाहेर हवा, परीक्षा नकोत, लग्नाची तिथी नको. आम्ही दिवाळीपासून होळीपर्यंतचे महिने उलटले. एक रविवार सापडला. लाल अक्षरांत त्याच्याखाली छापलं होतं, ‘संकष्ट चतुर्थी’.

‘कुलाब्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे,’ वहिनी म्हणाल्या. ‘राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं. संकष्टीला दर्शन होईल. योगच आहे.’

‘अलिबागला जाऊन मासे खायचे नाहीत?’ मेहुण्यांचा आवाज खोल गेला. त्यांच्या दृष्टीनं तीनही बेटं ही पापलेटच्या थाळीपर्यंत पोचायची वाट होती.

हा पेच पाण्याच्या पेचापेक्षा अवघड निघाला. उपासवाल्यांची यादी झाली. आत्या आणि वहिनी कडक उपासाच्या. वहिनींची बहीण फळांवर. शेजारचे काका कुठलाच उपास करत नाहीत, पण उपासाचे पदार्थ मात्र सोडत नाहीत. चंद्रोदय रात्री नवाच्या सुमाराला, म्हणजे उपास सुटणार परतल्यावर घरी. दरम्यान समुद्राच्या वाऱ्यानं भूक कशी खवळते यावर सगळ्यांनी आपापले अनुभव सांगितले. शेवटी दोन डबे करायचे ठरलं. एक साबुदाण्याची खिचडी, बटाट्याच्या काचऱ्या, राजगिऱ्याचे लाडू यांचा. दुसरा पुरणपोळी, मेथीचे ठेपले, दहीबुत्ती यांचा. तिसरी पिशवी ‘मधेच लागलं तर’ची. मासे थळला संध्याकाळी ‘वेळ मिळाल्यास’. मेहुण्यांनी हे कलम तक्त्यात लिहून घ्यायला लावलं.

तेवढ्यात मामांनी चष्मा पुसला. मामा चष्मा पुसतात तेव्हा घरात सगळे जण भिंतीला टेकतात. ‘संकष्टी ही चंद्रोदयाला असलेल्या चतुर्थीवर ठरते,’ ते म्हणाले. ‘त्या दिवशी सकाळी तृतीयाच आहे. कालनिर्णयात वेळ छापलेली आहे, बघा.’ बघितली. खरं होतं. आता पाऊणपट कशाची करायची? तृतीयेची केली तर भरती सव्वादोनला आणि ओहोटी सव्वाआठला. चतुर्थीची केली तर तीन आणि नऊ. पाऊण तासाच्या त्या फरकावर दोन पक्ष पडले. धर्म, खगोल आणि गेटवेहून सुटणारी पहिली बोट अशा तीन बाजूंनी वाद चालला. समुद्र तिथी संपेपर्यंत थांबून एकदम पाऊण तास पुढे उडी मारत नाही, तो हळूहळू सरकतो, असं पुतण्या सांगत होता. पण त्याचं शास्त्र त्या खोलीत आता कुणी मानत नव्हतं. पुन्हा तांडेलला फोन लावला.

‘तीज असूं दे का चवथ,’ तो म्हणाला. ‘तुमी टायमावर या.’

मग राहिल्या किरकोळ बाबी. त्यांतली पहिली म्हणजे ‘बोट लागणं’. बोट कुणाला लागते याची चौकशी केली तर कुणालाच लागत नाही. प्रत्येकाला फक्त ‘मागे एकदा जरासं’ झालेलं असतं. उपायांची मात्र रेलचेल. आलेपाक, लिंबू, आवळासुपारी, ओवा, औषधाच्या दुकानातली गोळी. गोळी निघण्याआधी घ्यायची असते, एकदा पोट ढवळल्यावर घेतली तर ती पोटात राहत नाही, हे ऑफिसातल्या मुलाच्या जागी आलेल्या साडूंच्या सौभाग्यवतींनी सांगितलं. त्या नर्स आहेत. सगळ्या आखणीत कामाचं बोलणारं हे एकच माणूस, आणि तेच तेरावं म्हणून गळणार होतं. दुसरी बाब ‘सोय’. बेटावर सोय आहे का, हा प्रश्न प्रत्येक बाईनं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसाला, आवाज उतरवून विचारला, आणि कुठल्याही पुरुषाकडे त्याचं उत्तर नव्हतं. पुरुषांनी काढलेल्या कुठल्याही तक्त्यात हा रकाना नसतो. शेवटी वहिनींनीच अलिबागचं एक बरं हॉटेल हेरून ठेवलं आणि कुलाबा ते थळ या प्रवासात तिथं ‘चहाला’ थांबायचं ठरवलं. उपास असलेल्या बायका चहाला कशा थांबतात, असं मेहुण्यांनी विचारलं. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

आदल्या रात्री तांडेलचा आपणहून फोन आला. ‘उद्या वारा हाय. सकाळचं पाणी बरं असतं. दुपारी खारा वारा सुटंल. खांदेरी करू. उंदेरीचं तिथं गेल्यावर बघू.’ सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा निवांत असतो, दुपारी समुद्राकडून खारा सुटला की लाटा उठतात. हे किनाऱ्यावरच्या शाळकरी पोराला माहीत असतं. आमच्या भरतीच्या गणितात वारा धरलेलाच नव्हता. पंचांगात तो छापत नाहीत.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तो फार लवकर गेला. कुलाब्याला ओहोटी आमच्यासाठी थांबलेली होती. ओल्या, लाटांच्या नक्षीच्या वाळूतून चपला हातात घेऊन अख्खं घर चाललं. देवळात वहिनींनी आरती धरली, आणि संकष्टीचा दिवस म्हणून अथर्वशीर्षही झालं, तेही आवर्तनांसह. गोड्या पाण्याच्या तळ्याजवळ मामांनी कान्होजी आंग्र्यांपासून सुरुवात केली. तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवर 1849 साल आणि यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव कोरलेलं आहे. त्यांच्यावर बसून फोटो काढायची रांग होती. तिथून खाली नजर गेली तेव्हा आलो ती वाट बारीक व्हायला लागली होती. परतताना निम्मी मंडळी पोटरीभर पाण्यातून आली आणि निम्मी घोडागाडीनं. घोडागाडीचे पैसे तक्त्यात नव्हते. ते कुणी भरायचे हा प्रश्न तूर्त पुढे ढकलला गेला.

थळला होडीत आधी डबे चढले, मग नारिंगी लाइफ जॅकेटं, मग माणसं. लाइफ जॅकेट घातल्यावर माणूस बसला तरी उभा वाटतो आणि उभा राहिला तरी बसल्यासारखा. त्याच अवस्थेत बारा जणांनी एकमेकांना सरकायला सांगितलं. तांडेल सुकाणूपाशी बसून पाण्याकडे बघत होता. मेहुण्यांनी घड्याळ लावलं. दहा मिनिटं झाली तेव्हा उंदेरी शेजारून जात होती आणि खांदेरी पुढे तेवढीच लांब दिसत होती. मेहुण्यांनी घड्याळ बंद केलं आणि आलेपाक मागितला.

खांदेरीच्या धक्क्यावर मात्र सगळ्यांचीच वाचा गेली, मामांसकट, पाच मिनिटं तरी. नंतर त्यांना पोहे-चहा दिल्यासारखी तरतरी आली. 1679 च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांच्या हुकमानं मायनाक भंडारी माणसं घेऊन या बेटावर उतरला आणि तट उभारायला लागला. मुंबईच्या तोंडाशी किल्ला होतोय म्हणताच इंग्रजांनी गलबतं पाठवली, सिद्दीही त्यांना येऊन मिळाला. इंग्रजांची मोठी गलबतं वारा पडला की जागच्या जागी अडकत, आणि मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांच्या होड्या रात्री त्यांना चुकवून बेटावर रसद पोचवत. किल्ला झाला. मग 1680 च्या जानेवारीत सिद्दीनं शेजारची उंदेरी धरली, तिथं आपला तट बांधला, आणि पुढे वर्षानुवर्षं समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांतून भांडावं तशी ही दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत राहिली. ‘रात्री, वल्ही मारत, गलबतांच्या कचाट्यातून रसद!’ मामा म्हणाले. वहिनी त्या वेळी ठेपल्यांचा डबा कुणी खाली ठेवला हे शोधत होत्या. तो होडीत राहिला होता.

बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळी लोकांची त्याच्यावर मोठी श्रद्धा. तांडेलनं आधी तिथं हात जोडले. 1867 सालचं दीपगृह आहे. आणि एक दगड आहे, त्यावर दुसरा दगड आपटला की धातूसारखा टणटण आवाज येतो. तो प्रत्येकानं वाजवून पाहिला. शेजारच्या काकांनी दोनदा वाजवला, कारण पहिल्या वेळी साडू बोलत होते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून नोंदवलं, त्यात रायगड, राजगड, सिंधुदुर्गाबरोबर खांदेरीही आहे. ही माहिती पुतण्यानं दिली. मामांना ती आधीच माहीत होती, पण आपण सांगायच्या आधी सांगितली गेली म्हणून त्यांना ती फारशी महत्त्वाची वाटली नाही.

मामांचं व्याख्यान आंग्रे काळात शिरत असताना तांडेल उठला. ‘चला. वारा वाढतोय.’ मामांनी आणखी दहा मिनिटं मागितली. तांडेल काही बोलला नाही, होडीकडे चालायला लागला. टूरवाल्याच्या शिट्टीपेक्षा हे फार परिणामकारक होतं.

परतीच्या वाटेवर उंदेरी. होडी खडकांच्या जवळ गेली, लाटेनं वर चढली, खाली बसली, पुन्हा वर चढली. पुढे बसलेला खलाशी तांडेलकडे बघत होता. तांडेलनं मान हलवली आणि सुकाणू फिरवलं. बुरूज दिसले, पडका तट दिसला, पायरीसारखं काहीतरी दिसलं आणि मागे पडलं. होडीत त्या वेळी कुणी निषेध केला नाही, कारण बऱ्याच जणांचे डोळे मिटलेले होते आणि सौभाग्यवती नर्स एकेकाला लिंबू हुंगायला देत होत्या. थळच्या किनाऱ्यावर पाय लागल्यावर मग सगळ्यांना आठवलं.

हिशोबाला बसलो ते मांडव्याहून निघालेल्या बोटीतच. माशांचं कलम वेळेअभावी रद्द झालं होतं, त्यामुळे मेहुण्यांनी आपला माणशी वाटा कमी धरण्याची मागणी केली. उपासवाल्या बायकांनी दुसऱ्या डब्यातलं काही खाल्लं नाही, पण पहिल्या डब्यातलं शेजारच्या काकांनी खाल्लं. ते कुठे धरायचं? घोडागाडीत बसलेले म्हणाले, आम्ही पाण्यात भिजलो नाही तो सगळ्यांचा फायदा, औषधपाणी वाचलं. पुतण्यानं नवा तक्ता उघडला. किल्ल्यांच्या रकान्यात त्यानं कुलाबा, खांदेरी लिहून ‘दोन’ असं मांडलं. मामा म्हणाले, तीन. उंदेरीला प्रदक्षिणा झाली आहे, आणि देवळाला प्रदक्षिणा घातली की दर्शन झालंच. पुतण्या म्हणाला, प्रदक्षिणा पूर्ण झालेली नाही, एकाच बाजूनं गेलो. वाटाघाटींनंतर उंदेरी अर्धी धरावी असं ठरायला आलं होतं, तेवढ्यात आत्या म्हणाल्या, ‘पाऊण धरा.’ त्यावर मत घ्यायचं तर बाकीचे झोपलेले होते, आणि जागे असलेल्यांत मेहुण्यांचा हात पिशवीत होता. ‘मधेच लागलं तर’च्या.